हातातला कासरा

मंजुषाबद्दल लिहायला मला कोणी सांगितलेलं नाही. लिहू नका असं सांगणारा मात्र एक माणूस आहे, आणि तो माझा साहेब आहे. तेवढं कारण मला पुरतं.

आमच्या वाशीमकडे एखादी बाई कॉम्प्युटरवर काम करते म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी सुचतात. एक तर ती सातबारा काढून देत असेल, नाहीतर कुणाकुणाचे ऑनलाइन फॉर्म भरत असेल. मंजुषा किन्हीराजाची. सुट्टीला घरी गेली की अर्धी गल्ली मोबाईल घेऊन ओट्यावर हजर. "पोरी, माह्ये फोटो उडाले वं, पाह्य बरं." ती पाहायची आणि फोटो परत आणून द्यायची. तिचं खरं काम काय, हे विचारायची तसदी गावात एकानेही घेतली नाही. मी त्यांना हसते खरी, पण मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसत असूनही पहिलं वर्षभर विचारलं नव्हतं.

मी शाजिया, मंगरूळपीरची. वय बेचाळीस. सकाळच्या बसने वाशीम, संध्याकाळच्या बसने परत. कंपनीत माझं काम तपासणीचं, म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं बिघडवून दाखवायचं. स्वभावाला साजेशी नोकरी फार थोड्यांना मिळते, मला मिळाली. कंपनी म्हणजे एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरच्या चार खोल्या. लग्नसराईत खाली बँड सुरू झाला की वरच्या मीटिंगमध्ये कोण काय म्हणालं ते कोणालाच ऐकू येत नाही. त्यामुळे आमचे बरेच निर्णय लग्नसराईतच होतात.

मालक हरीओम सर. सहा महिने पुण्यात राहून आले आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडून 'न' आणि 'ण' वेगळे निघतात. प्रत्येक वाक्यात 'सोल्यूशन' हा शब्द एकदा तरी येतोच. आपण नेमकं काय विकतो हे त्यांना माहीत आहे, पण ते आतून कसं चालतं हे विचारलं की त्यांना लगेच कुणाचा तरी फोन येतो.

आम्ही विकतो ती पाण्याच्या टाकीवर बसणारी पेटी. पेटीत एक छोटा कॉम्प्युटर, त्यातले प्रोग्राम मंजुषा लिहिते. पंप कधी लावायचा, कधी बंद करायचा आणि पाण्यात क्लोरीन किती सोडायचं, हे तो ठरवतो. प्रत्येक टाकी वेगळ्या मापाची, म्हणून प्रत्येक टाकीची स्क्रिप्ट वेगळी. स्क्रिप्ट म्हणजे ओळीओळीने लिहिलेल्या हुकमांची फाइल. पेटी ती वाचते आणि तसं वागते. खेड्यात नेटचा भरवसा नाही, म्हणून आम्ही स्क्रिप्ट पेनड्राइव्हवर घालतो, पेनड्राइव्ह पाकिटात घालतो आणि पाकीट त्या बाजूला जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देतो. टाकीवरचा ऑपरेटर फाट्यावर उभा राहून ते घेतो. चष्मे, औषधं, ट्रॅक्टरचे पार्ट, सगळं आमच्याकडे असंच पोचतं. पाकिटावर गावाचं नाव लिहायचं असतं. ते आम्ही बहुतेक वेळा लिहायचो.

आता पेटीने कुठलीही फाइल वाचून वागू नये, एवढी अक्कल हरीओम सरांनाही होती. त्यांनी त्यावर सोल्यूशन काढलं. मंजूर नावांची एक यादी पेटीत ठेवली. फाइलचं नाव यादीत असलं की पडद्यावर ढोबळ्या मिरचीएवढी हिरवी टिक येई आणि फाइल चालू होई. नाव यादीत नसलं की लाल फुली येई, आणि फुलीखाली एक बटण असे, 'तरीही चालवा'. हे बटण का, असं मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "ग्राहकाला नाही म्हणायचं नसतं." मी माझ्या अहवालात हे वाक्य जसंच्या तसं उतरवलं. तो अहवाल कोणी वाचला नाही.

किन्हीराजाच्या टाकीवर जानराव म्हणून ऑपरेटर आहेत. पन्नाशी ओलांडलेला, प्रामाणिक माणूस. पंपघर देवघरासारखं झाडून ठेवतात. मंजुषा एकदा सुट्टीत सहज तिथे गेली तर जानराव पेनड्राइव्हवरच्या फाइलीचं नाव बदलत होते.

"काका, हे काय करून राह्यले?"

"नाव 'टाकी सकाळ' ठेवलं का टिक येते. दुसरं ठेवलं का येत नाई. मंग काहून ठेवा दुसरं?"

जानरावांचं काही चुकलं नव्हतं. जिल्ह्यातल्या आमच्या सगळ्या ऑपरेटरांनी आठ दिवसांत हीच युक्ती शोधून काढली होती. एकमेकांना न विचारता. आमची तपासणी फाइलचं नाव पाहत होती, आणि नाव ठेवणं तर बारशाइतकं सोपं. मंजुषा सोमवारी ऑफिसात आली ती तोंड पाडून. तिचा चेहरा एरवीही फारसा उजळलेला नसतो. तिला गोड बोलता येत नाही, डबा ती अर्धा तास चावत बसते, आणि कोणी विनोद केला तर त्यात चूक काय आहे ते सांगते. अमरावतीला इंजिनिअरिंग, दोन वर्षं पुण्याची नोकरी, आणि वडील आजारी पडल्यावर परत. गावात याची कारणं वेगळीच सांगतात. गावाला कारणं फुकट मिळतात.

त्या दिवशी डबा खाताना तिने मला पहिल्यांदा तिच्या आईच्या बैलांची गोष्ट सांगितली.

तिचे वडील जगदेव. भोळा माणूस, आणि भोळेपणाचा अभिमान असलेला, म्हणजे दुहेरी कठीण. एकदा बैलबाजारात त्यांनी एक पांढराशुभ्र गोऱ्हा पसंत केला. तोंड उघडून दात पाहिले. चार दात, कोवळा. सौदा ठरला. गोऱ्हा लिंबाखाली बांधला आणि सौदा पक्का झाल्याचा चहा प्यायला गेले. परत आले, कासरा सोडला, घरी घेऊन आले. रंग तोच, शिंगं तशीच. घरी मंजुषाच्या आईने, प्रयागबाईंनी, तोंड उघडून पाहिलं तर सगळे दात जुळलेले, झिजलेले. म्हातारा बैल. जगदेवांनी तपासणी केली होती आणि ती बरोबरही होती. फक्त ज्याची तपासणी केली तो बैल दुसरा होता.

तेव्हापासून बाजारात प्रयागबाई स्वतः जाते. एका हाताने दात पाहते, दुसऱ्या हातात कासरा. दात पाहून झाले तरी कासरा हातातच. बोलणी तशीच, चहा तसाच, उभ्याने. आणि तिथून घरापर्यंत पायी, कासरा न सोडता. बाजारातले पुरुष हसायचे. "बाई बैलाशी लगन लावून राह्यली का?" प्रयागबाई त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही. तिला पुन्हा कधीही म्हातारा बैल मिळाला नाही, आणि हसणाऱ्यांपैकी निदान तिघांना मिळाला.

"आपली पेटी माह्या बाबासारखी आहे," मंजुषा म्हणाली. "दात पाहते आन् चहा प्याले जाते."

तिला म्हणायचं होतं ते असं. पेटी आधी नाव पाहते, टिक देते, आणि मग त्याच नावाची फाइल पुन्हा शोधून उघडते. या दोन कामांच्या मध्ये जो क्षण जातो तेवढ्यात त्या नावाखाली दुसरीच फाइल येऊन बसू शकते. आणि याहून मोठं भोक वेगळंच होतं. प्रत्येक फाइलवर तीन परवानग्या असतात: वाचायची, लिहायची आणि चालवायची. चालवायची परवानगी नसलेली फाइल सरळ चालवायला गेलं तर कर्नल अडवतो. कर्नल म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरचा कारभारी, त्याच्या परवानगीशिवाय तिथे पान हलत नाही. पण स्क्रिप्ट स्वतः चालतच नाही. तिला शेल नावाचा एक प्रोग्राम वाचतो आणि वाचलेलं करतो. शेल कर्नलला सांगतो, मी तर नुसती वाचतोय. कर्नल म्हणतो, वाच बाबा. आणि शेल वाचता वाचता सगळी टाकी रिकामी करू शकतो. जगभरचे शहाणे या भोकावर वर्षानुवर्षं वाद घालत आले आहेत, असं ती म्हणाली. मी म्हटलं, मग हरीओम सरांना लाज वाटायचं काही कारण नाही. ती हसली नाही.

तिला कर्नलमध्ये एक नवा प्रश्न घालायचा होता, एवढंच. शेलने फाइल उघडायची, ती हातात धरून ठेवायची आणि कर्नलला विचारायचं, ही जी माझ्या हातात आहे ती चालवू का? नाव सांगायचं नाही, हातातली वस्तू दाखवायची. कर्नल फाइलवरची परवानगी बघणार, ती कुठून आली ते बघणार, ऑफिसने फाइलवर मारलेला कॉम्प्युटरी शिक्का त्याच टाकीचा आहे का ते बघणार, आणि फक्त हो किंवा नाही म्हणणार. तो काही चालवणार नाही, नुसतं उत्तर देणार. हो आलं तर शेलने तीच हातातली फाइल वाचायची, पुन्हा नावाने शोधायला जायचं नाही. नाही आलं तर थांबायचं. 'तरीही चालवा' हे बटण कुठेच नाही.

मी तपासणीवाली. मी लगेच म्हटलं, "धरलेल्या बैलालेच कोनी मधात बदलवलं तर? फाइल उघडी आहे तोवर तिच्यात लिहिता येते."

तिने डबा बंद केला. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने फाइलची एक नक्कल पेटीच्या आतल्या स्मृतीत करून, तिच्यात लिहायचं कायमचं बंद करून, मगच प्रश्न विचारायची सोय करून आणली. माझ्या टेबलावर कागद ठेवला आणि म्हणाली, "बराबर होतं तुमचं, शाजियाताई." वीस वर्षांच्या नोकरीत मला असं म्हणणारी ती पहिली. मला फार आनंद झाला होता, हे इथे नोंदवून ठेवते. पुढे जे झालं त्यात हे विसरून जायला नको.

हरीओम सरांना पटवायला तिने तोंड वापरलं नाही, कारण ते तिला वापरता येत नाही. तिने सरांच्या टेबलावर चाचणीची पेटी मांडली. क्लोरीनच्या जागी शाईची बाटली, टाकीच्या जागी काचेची बरणी. फाइल घातली, नाव बरोबर, हिरवी टिक आली. सरांनी मान डोलावली. टिक पडद्यावर असतानाच तिच्या एका छोट्या प्रोग्रामने फाइल बदलली. अख्खी बाटली बरणीत रिकामी झाली आणि पाणी निळंजांभळं. टिक अजून हिरवीच होती.

सर म्हणाले, "पण मंजुषा, आपल्याकडे इतकी चलाखी कोण करणार?"

"कोनी करनार नाई सर. चुकून होईन."

पुढच्या आठवड्यात एका ग्राहकासमोर सरांनी तीच बरणी, तीच शाई आणि तेच वाक्य वापरलं. वाक्य त्यांनी पुण्याच्या मराठीत म्हटलं आणि ते स्वतःचं म्हणून सांगितलं. मंजुषा मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होती. मी तिच्याकडे पाहिलं तर ती बरणीवर शाईचे डाग राहिलेत का ते पाहत होती. अशा माणसाची चीड यावी की दया, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नव्या तपासणीची पहिली पेटी किन्हीराजाला बसणार होती. तिच्या गावात तिच्या आईच्या घरी जे पाणी येणार ते आता या एका प्रश्नोत्तरावर अवलंबून होतं. तिने पडद्यावरचा मजकूर चौदा वेळा बदलला. शेवटी ठरलं, 'ही फाइल या टाकीची नाही. ऑफिसला फोन करा.' जानरावांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं मोठं अक्षर. मग तिने मला एक काम दिलं.

"ताई, हे सगळं तवाच चालते जवा वाचून वागनारा हरेक प्रोग्राम कर्नलले विचारते. एकानं नाई विचारलं का सगळं फुकट. पेटीत असे कितीक आहेत, त्याची यादी करून द्या. एकही सुटू देऊ नका."

मी यादी केली. पाच प्रोग्राम. खाली सही, तारीख. पाचही तिने बदलले, पाचही आता विचारायचे.

सहावा माझा होता.

चाचणी करताना मला दिवसातून तीसेक फाइली चालवाव्या लागत. नवी तपासणी बसल्यापासून प्रत्येक फाइलला शिक्का लागायचा, आणि शिक्का मारायला दहा मिनिटं. दहा मिनिटं! मी जुना, काही न विचारणारा शेल एका बिनमहत्त्वाच्या नावाने पेटीतच एका कोपऱ्यात ठेवला आणि त्यातून माझी कामं उरकू लागले. पेटी जायच्या आधी काढून टाकू, असं म्हटलं होतं. पेटी गेली त्या दिवशी खाली तीन लग्नं होती. मला आठवलं नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. आठवलं होतं. उद्या काढू, असं वाटलं.

पुढच्या महिन्यात जानरावांचा फोन आला. नव्या स्क्रिप्टवर शिक्का मारायचा आमच्याकडून राहिला होता, पेटी नाही म्हणत होती, टाकी रिकामी, बायका हंडे घेऊन पंपघरासमोर उभ्या. मंजुषा रजेवर. जानराव रडकुंडीला आले होते. "मॅडम, मले शिव्या खाव्या लागून राह्यल्या जी. काईतरी करा."

फाइल बरोबर होती, मला माहीत होतं. मी फोनवरून त्यांना माझ्या त्या जुन्या शेलच्या नावाची आठ अक्षरं एकेक करून सांगितली, ती टाइप करा आणि पुढे फाइलीचं नाव घाला म्हटलं. पंप सुरू झाला. मागे बायकांचा गलका ऐकू आला. जानराव म्हणाले, "तुमाले लाख दुवा लागन." मी फोन ठेवला आणि चहा मागवला. जानरावांनी ती आठ अक्षरं त्यांच्या वहीत लिहून ठेवली, हे मला नंतर कळलं. नीट, मोठ्या अक्षरात, चौकटीत.

पावसाळा संपता संपता आमच्याच ऑफिसात दोन पाकिटांची अदलाबदल झाली. मानोऱ्याकडच्या एका मोठ्या टाकीची स्क्रिप्ट किन्हीराजाला गेली. त्या टाकीत किन्हीराजाच्या चारपट पाणी मावतं, म्हणून क्लोरीनही चारपट. सकाळी जानरावांनी फाइल घातली. मंजुषाच्या पेटीने अगदी जसं करायला हवं तसं केलं. पडद्यावर आलं, 'ही फाइल या टाकीची नाही. ऑफिसला फोन करा.'

सकाळचे सहा वाजले होते, ऑफिस बंद. जानरावांनी फोन केला, कोणी उचलला नाही. मग त्यांनी वही काढली.

किन्हीराजात पाणी सुटलं की पहिलं गुरांच्या हौदात पडतं, गावच्या नळांना अर्ध्या तासाने. प्रयागबाई बैल घेऊन हौदावर आली. बैलांनी पाण्याला तोंड लावलं, फुरफुरले आणि मागे सरले. तिने पुन्हा ओढलं. बैल हलेनात. तिने ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला, आणि बैलांसकट पंपघराकडे निघाली. जानरावांनी दार उघडलं तेव्हा दारात बाई आणि मागे दोन बैल.

"बंद कर ते. आत्ता."

"वहीतलं टाकलं तं पेटीनं हो म्हटलं ना काकू..."

"माह्या बैलाईनं नाई म्हटलं."

जानरावांनी व्हॉल्व्ह बंद केला. तोवर हौदाच्याच पाइपवरच्या चार घरांत पाणी पोचलं होतं. सात जणांच्या घशाला आणि डोळ्यांना जळजळ झाली, त्यात दोन म्हाताऱ्या होत्या. संध्याकाळपर्यंत सगळी बरी झाली. बाकी गावाचे नळ कोरडेच राहिले म्हणून निभावलं.

त्या दुपारी हरीओम सरांनी मंजुषाला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, की मोठा गाजावाजा केलेली तिची तपासणी कुठे गेली होती. ती म्हणाली, पेटीतल्या नोंदी पाहून सांगते. सर म्हणाले, "सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. सोमवारपासून सगळ्या पेट्यांवर जुनं सोल्यूशन परत टाका. हिरवी टिक. निदान ती लोकांना कळते तरी." बरणी दाखवून स्वतःची म्हणून मिरवलेली कल्पना एका सकाळीत पुन्हा मंजुषाची झाली होती. या बाबतीत साहेबलोकांची स्मरणशक्ती फार चांगली असते.

म्हणजे किन्हीराजाचं पाणी पुन्हा नावाच्या भरवशावर. तिला स्वतःच्या नोकरीचं काही वाटत नव्हतं. ती दोनदा म्हणाली, "नोकरी घ्या सर, पन टिक नका बसवू."

संध्याकाळी ती माझ्या टेबलाशी आली. हातात माझी सही असलेली ती यादी.

"ताई, यात काई राह्यलं का?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

मंगरूळपीरला जाणाऱ्या बसमध्ये मी बसले आणि वाशीम मागे पडेपर्यंत हरीओम सरांना, जानरावांना आणि पाकिटं बदलणाऱ्याला मनातल्या मनात झोडपत राहिले. त्यातच मला जरा बरं वाटत होतं. दुसऱ्या दिवशीही मी तेच केलं. जिंदगीभर लोकांच्या चुका दाखवून भाकर खाल्ली, आणि स्वतःची चूक समोर आली तर मला तोंड उघडायला तीन दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी मीटिंग होती. खाली बँड होता. सर बोलत होते, मंजुषा खाली मान घालून ऐकत होती. माफीचं पत्र लिहून दे, असं ते तिला सांगत होते. बँड थांबला. त्या शांततेत मी म्हणाले, "यादीत एक प्रोग्राम राहिला आहे. तो मी ठेवला होता. तो कसा वापरायचा ते जानरावांना फोनवर मीच सांगितलं. तिच्या तपासणीने नाहीच म्हटलं होतं."

मंजुषाने मान वर केली नाही.

तपासणी राहिली. सरांना ती पुन्हा स्वतःची वाटू लागली, त्यामुळे राहिली. माझं तपासणीचं काम काढून घेतलं आणि पाकिटांवर गावांची नावं लिहायचं दिलं. तो सहावा प्रोग्राम मंजुषाने मला स्वतःच्या हाताने काढायला लावला, आणि आता पेटी रोज सकाळी आतले सगळे वाचणारे प्रोग्राम मोजून पाहते. ती माझ्याशी पूर्वीसारखीच बोलते, म्हणजे फारसं नाही.

रविवारी मी किन्हीराजाला गेले. प्रयागबाई हौदाशी उभी होती, हातात दोन कासरे. लहानखुरी, काळीसावळी बाई. मी नाव सांगितलं. सात जणांना आधी भेटून यावं, असं ठरवलं होतं, पण आधी तिच्याकडेच गेले.

"मावशी, ते पानी माह्यामुळं बिघडलं. मंजुषाचा दोष नाई."

"मले माईत आहे. पोट्टीनं सांगतलं."

"कधी?"

"त्याच रोजी. दुपारीच नोंदी पाह्यल्या म्हने, रातच्याले फोन केलता तिनं."

म्हणजे माझ्या टेबलाशी यादी घेऊन आली, तेव्हा तिने पेटीतल्या नोंदी पाहिल्या होत्या. मी नाही म्हणाले, तेव्हा ती मी खोटं बोलतेय हे जाणून बरं म्हणाली होती. "मंग साहेबाले काहून नाई सांगतलं तिनं?" मी विचारलं.

"मीही तेच विचारलं. म्हने, शाजियाताई सांगन सोता."

नोकरी पणाला लावून ती तीन दिवस माझी वाट पाहत बसली होती, आणि मी बसमध्ये बसून जानरावांना शिव्या घालत होते.

एका बैलाने पाण्याकडे तोंड नेलं आणि मागे घेतलं. त्या दिवसापासून तो या हौदाचं पाणी पीत नाही, त्याला विहिरीचंच लागतं, असं प्रयागबाई म्हणाली. मग तिने त्याचा कासरा माझ्या हातात दिला.

"धर याले. मी बादली घेऊन येते. मी येईस्तोर सोडू नको."

आयुष्यात मी बैल धरला नव्हता. त्याने मान हिसडली आणि मी दोन पावलं ओढली गेले. खांद्यावरची पर्स चिखलात पडली. पर्समध्ये फोन वाजायला लागला. मी दोन्ही हातांनी कासरा धरून उभी होते. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला. मी वाजू दिला.